चुकून गेलेला मेसेज आणि ग्रुप ॲडमिनची जबाबदारी

२०१९ सालची गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांच्या आधार कार्डाचे दोन फोटो पडले, पुढची बाजू आणि मागची बाजू. पाठवायचे होते मुलाला, बँकेच्या कामासाठी. चूक लक्षात आल्याबरोबर त्यांनी ते डिलीट केले, पण घाईत बोट पडलं ‘फक्त माझ्यासाठी’वर. त्यांच्या फोनवरून फोटो गेले आणि बाकी सगळ्यांच्या फोनवर तसेच राहिले. स्वतःलाच दिसत नाहीत म्हटल्यावर सगळ्यांसाठी काढायची वाटही बंद झाली. त्यांनी ॲडमिनला, म्हणजे आमच्या सेक्रेटरींना, फोन लावला. सेक्रेटरी म्हणाले, “काका, मी तुम्हाला ग्रुपमधून काढू शकतो. फोटो नाही काढू शकत.” मग त्यांनी ग्रुपवर विनंती टाकली, की वरचे फोटो कृपया सर्वांनी डिलीट करावेत, कुणी पुढे पाठवू नयेत. दुसऱ्या दिवशी काका स्वतः चारही मजल्यांवर जाऊन घरोघरी तेच सांगत होते.

ज्या काळात ॲडमिनच्या हातात साधा फोटो हटवण्याची सोय नव्हती, त्याच काळात ग्रुपवर पडणाऱ्या प्रत्येक मेसेजसाठी त्याला जबाबदार धरण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली होती. जबाबदारी आधी आली आणि अधिकार मागाहून, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत अन्यायाचं वाटतं.

दुसऱ्याच्या मजकुराला जबाबदार कोण, हा प्रश्न व्हॉट्सॲपच्या बराच आधीचा आहे. अमेरिकेत १९९१ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेवर खटला झाला. कंपनी मजकूर तपासतच नव्हती, म्हणून ती सुटली. १९९५ मध्ये प्रॉडिजी या दुसऱ्या कंपनीविरुद्ध न्यूयॉर्कच्या कोर्टानं उलट निर्णय दिला: तुम्ही मजकुरावर देखरेख ठेवता, नको ते काढून टाकता, म्हणजे तुम्ही प्रकाशक ठरता. जो निगराणी करेल तोच अडकेल, असा त्याचा अर्थ झाला. ही उलटी परिस्थिती सुधारण्यासाठी १९९६ मध्ये तिथल्या संसदेनं कलम २३० आणलं, म्हणजे दुसऱ्याच्या मजकुरासाठी कंपनीला प्रकाशक न मानण्याची तरतूद.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. नोव्हेंबर २००४ मध्ये बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर एका वापरकर्त्यानं अश्लील चित्रफीत विकायला ठेवली आणि डिसेंबरमध्ये अटक झाली कंपनीच्या प्रमुखांना. त्यानंतर २००८ च्या दुरुस्तीत कलम ७९ बदललं आणि मध्यस्थ कंपन्यांना, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर फक्त पोचवणाऱ्यांना, काही अटींवर संरक्षण मिळालं. त्याच दुरुस्तीत ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणारं कलम ६६-अ सुद्धा आलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर, पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका पोस्टवरून अटक झाली. त्यातल्या एकीनं ती पोस्ट नुसती लाइक केली होती. त्या अटकेनं देशभर संताप उसळला आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ६६-अ घटनाबाह्य ठरवलं. कंपन्यांना ढाल मिळाली, लिहिणाऱ्याला थोडा दिलासा मिळाला, पण तोवर घरोघरी तयार झालेल्या ॲडमिन नावाच्या माणसाबद्दल कायद्यात एक अक्षरही नव्हतं.

ती रिकामी जागा पोलीस ठाण्यांनी आपापल्या परीनं भरली. २०१६ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव इथे एका ॲडमिनवर गुन्हा नोंदला गेला. ग्रुपमधल्या एका सदस्यानं महिला सदस्याबद्दल गलिच्छ मजकूर टाकला होता. ॲडमिनवर ठपका असा, की त्यानं त्या सदस्याला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, उलट आपली असमर्थता दाखवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं बदनामीच्या एका दाव्यात म्हटलं, की अशा मजकुराबद्दल ॲडमिनला धरणं म्हणजे वर्तमानपत्रातल्या बदनामीसाठी कागद बनवणाऱ्याला धरण्यासारखं आहे. तरीही एप्रिल २०१७ मध्ये वाराणसीच्या जिल्हा प्रशासनानं आदेश काढला, की ग्रुपवर अफवा पसरली तर ॲडमिनवर गुन्हा दाखल होऊ शकेल.

मग राईनपाडा घडलं. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याच्या या गावात भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मुलं पळवणारी टोळी समजून ठेचून मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांचे प्राण गेले. त्या महिन्यांत मुलं पळवण्याचे व्हिडिओ देशभर फिरत होते. त्यातला एक कराचीत बनलेल्या जनजागृतीच्या फिल्मचा होता. मोटरसायकलवरून उचललेलं मूल परत आणून सोडतात आणि ‘मुलांना जपा’ असं सांगतात, तो शेवटचा भाग कुणीतरी कापून टाकला होता. तो पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना आपण शेजाऱ्याला सावध करतोय असंच वाटत असणार. चुकून पाठवलेलं म्हणजे फक्त चुकीच्या ग्रुपवर गेलेलं नव्हे. खरं समजून मनापासून पाठवलेलं खोटंही त्यातच येतं, आणि ते कितीतरी जास्त घातक असतं.

राईनपाड्यानंतर काही दिवसांतच व्हॉट्सॲपनं फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली. त्याच महिन्यात भारतापुरती एका वेळी पाच चॅटची मर्यादा जाहीर झाली, जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या अफवांच्या काळात, फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं बंधन आलं.

पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी मागे घेण्याची सोय २०१७ च्या अखेरीस आली होती, तीही सुरुवातीला सात मिनिटांपुरती. मार्च २०१८ मध्ये मुदत वाढून ६८ मिनिटं १६ सेकंद झाली, म्हणजे नेमके ४,०९६ सेकंद. या सोयीचं काम कसं चालतं हे मात्र अनेकांना माहीत नसतं. पाठवलेला मेसेज वाटेत थांबवला जात नाही; तो समोरच्या फोनवर पोचलेला असतो. त्यामागून ‘तो काढ’ अशी दुसरी सूचना जाते. मधल्या वेळात कुणी तो फॉरवर्ड केला असेल, स्क्रीनशॉट घेतला असेल, तर त्या प्रतीला ही सूचना लागू होत नाही. आमच्या काकांचं बोट बरोबर जागी पडलं असतं, तरी तेवढा धोका उरलाच असता.

ॲडमिनला २०१८ च्या मध्यात एकच हत्यार मिळालं: फक्त ॲडमिननी लिहावं, बाकीच्यांनी वाचावं. ९ नोव्हेंबर २०१९ ला अयोध्येचा निकाल लागण्याआधी आपल्याकडे कितीतरी ग्रुप असे कुलूपबंद झाले होते, अगदी शाळेच्या मित्रांचेसुद्धा. माणसं धास्तावली होती. १० एप्रिल २०२० ला मुंबई पोलिसांनी कलम १४४ खाली आदेश काढून खोट्या माहितीसाठी ॲडमिन व्यक्तिशः जबाबदार राहतील असं बजावलं.

गोंदियाच्या त्या प्रकरणात १ मार्च २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गुन्हा रद्द केला. न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांनी ॲडमिनला काय करता येतं हे आधी पाहिलं. सदस्य घेणं आणि काढणं, एवढंच. मजकूर पडण्याआधी तो तपासण्याची किंवा रोखण्याची ताकद त्याच्याकडे नाही. म्हणून समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला कट दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या मेसेजसाठी त्याला शिक्षा करता येणार नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानंही तीच भूमिका घेतली आणि ॲडमिन हा कायद्यातला मध्यस्थ नाही हेही स्पष्ट केलं. एका माणसाच्या आयुष्यातली पाच वर्षं मात्र या साध्या गोष्टीच्या निर्वाळ्यासाठी गेली.

२०२२ मध्ये मेसेज मागे घेण्याची मुदत दोन दिवसांच्या थोडी पुढे गेली, ‘फक्त माझ्यासाठी’ चुकून दाबलं तर काही सेकंदांत ते उलटवायची सोय आली आणि ॲडमिनला कुणाही सदस्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येऊ लागला. आमच्या ग्रुपवर परवा कुणाच्या तरी मुलीची गुणपत्रिका चुकून पडली. सेक्रेटरींनी ती लगेच काढली. त्या जागी आता एक ओळ दिसते: मेसेज ॲडमिननं हटवला, आणि पुढे त्यांचं नाव.