शहरी उद्यानातील सपाट पायवाट

शहरातल्या सार्वजनिक उद्यानात झाडे, हिरवळ किंवा तळ्याच्या कडेने चालण्यासाठी आखलेली, चढ-उतार जवळजवळ नसलेली वाट. तिच्यावर चालायला सराव, खास बूट किंवा नकाशा लागत नाही, म्हणून ती सोप्या वाटांत गणली जाते. पण हा सोपेपणा आयता मिळत नाही. मुळात जमीन क्वचितच सपाट असते. वाट सपाट करावी लागते आणि ती तशी राखावीही लागते.

सपाट कशाला म्हणायचे, याचा ढोबळ निकष असा : चालण्याच्या दिशेतला उतार ५ टक्क्यांपेक्षा, म्हणजे २० मीटर अंतरात १ मीटरपेक्षा, जास्त नसावा. अमेरिकेच्या सुगम्यता मानकांनुसार त्याहून तीव्र उताराची वाट ‘रॅम्प’ ठरते आणि रॅम्पचा उतारही साधारणपणे १२ मीटरला १ मीटर याच्या पुढे नेता येत नाही. ५ टक्के हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो, पण पायांना तो लगेच कळतो. व्यायामशास्त्रातील प्रचलित सूत्राप्रमाणे ताशी सुमारे ५ किलोमीटर वेगाने चालणाऱ्याला ५ टक्के चढावर सपाटीच्या दीडपटीहून अधिक प्राणवायू लागतो. धडधाकट माणूस हे सहज निभावून नेतो. आजारातून उठलेली व्यक्ती, गुडघे धरलेले आजोबा, बाबागाडी ढकलणारी आई किंवा हाताने चाके फिरवत खुर्चीतून जाणारा माणूस यांची फेरी मात्र एवढ्याशा चढापाशी अर्ध्यावर थांबू शकते.

तरीही पूर्णपणे सपाट वाट ही वाईट वाट असते, कारण तिच्यावर पाणी साचते, शेवाळ धरते आणि पाय घसरतो. म्हणून वाटेला आडवा उतार, म्हणजे एका कडेकडे झुकणारा हलका कल, देतात. फरसबंदी किंवा डांबरी वाटेवर तो सुमारे २ टक्के असतो. तो वाढला तर चाकाची खुर्ची सतत कडेला ओढली जाते आणि चालणाऱ्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा खाली पडत राहतो. गोल फेरीच्या वाटेवर रोज चालणाऱ्यांनी अधूनमधून उलट दिशेने फेरी मारावी, हा सल्ला याचसाठी रास्त आहे.

पृष्ठभागाच्या निवडीत तडजोड अटळ असते. डांबर आणि काँक्रीट चाकांना उत्तम असले तरी पाणी जिरू देत नाहीत. दाबून बसवलेली बारीक कच पायांना सुखद वाटते, पण मोठ्या पावसात वाहून जाते. दलदलीवरून फळ्यांची वाट नेतात. तिथे फळ्यांमधल्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्या लागतात, नाहीतर काठी आणि लहान चाके त्यांत अडकतात.

सर्वांसाठी खुल्या उद्यानांची चळवळ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये वाढली. कारखान्यांच्या शहरांत कामगारांना मोकळी हवा मिळावी, हा तिचा आग्रह होता. लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडमध्ये उद्यानरचनाकार जोसेफ पॅक्स्टन यांनी दलदलीची जमीन निचरा करून उद्यानाजोगी केली. तळी खणताना निघालेल्या मातीचे उंचवटे रचले आणि त्यांच्यामधून वळणावळणाच्या वाटा काढल्या. हे उद्यान १८४७ मध्ये खुले झाले. १८५० मध्ये अमेरिकेचे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड तिथे येऊन गेले. पुढे त्यांनी वास्तुविशारद कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांच्यासह न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला, जो १८५८ मध्ये निवडला गेला. पादचारी, घोडेस्वार आणि बग्ग्या यांच्या वाटा त्यात वेगळ्या ठेवल्या होत्या, आणि उद्यान आडवे ओलांडणारी शहराची वाहतूक खोलगट रस्त्यांतून खालून काढली होती. चालणाऱ्याला वाटेत कुठेही दचकून थांबावे लागू नये, ही त्यामागची दृष्टी आजही अनुकरणीय आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अशा वाटांसाठी बंद पडलेले रेल्वेमार्ग हाती आले. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे लोहमार्गाचा उतार मुळातच सौम्य असतो. पॅरिसमधली ‘प्रोमनाड प्लांते’ (१९९३) आणि न्यूयॉर्कची ‘हाय लाइन’ (पहिला टप्पा २००९) या वाटा उंच पुलांवरच्या जुन्या मार्गांवरून जातात. अशा ठिकाणी वर नेणारी लिफ्ट चालू असणे हा वाटेचाच भाग मानला पाहिजे. केवळ जिन्याने पोचता येणारी सपाट वाट ज्यांना सपाटीची खरी गरज आहे, त्यांच्या उपयोगाची नाही. फाटकापासचा उंबरठा, वाहने रोखणारे खांब आणि कुठेही न टेकता चालावे लागणारे लांब अंतर यांनाही हेच लागू पडते. हात आणि पाठ टेकता येतील अशी बाके ठरावीक अंतरावर असतील, तर दम लागणारी माणसेही पूर्ण फेरी करू शकतात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते, आणि झपझप चालणे त्यात मोडते. मिनिटाला सुमारे १०० पावले हा त्याचा सोपा अंदाज. बोलता येते पण गाता येत नाही, इतपत श्वास वाढलेला असतो. मात्र सपाट वाटेचा मोठा लाभ डोळ्यांना होतो, असे म्हटले पाहिजे. खडकाळ वाटेवर नजर पुढच्या पावलावर खिळलेली असते. इथे ती वर उचलता येते, झाडांच्या शेंड्यांकडे, पाखरांकडे, सोबत्याच्या चेहऱ्याकडे. गप्पा मारत चालणे अशा वाटेवरच खरे जमते. त्यासाठी रुंदीही हवी. चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोरून जायला सुमारे दीड मीटर तरी लागतात. सायकलींना तीच वाट दिली, तर रुंदी कितीतरी वाढवावी लागते, नाहीतर वृद्ध माणसे तिथे येणे सोडून देतात.

वाटेला सर्वाधिक त्रास सावली देणाऱ्या झाडांचाच होतो. मुळे जाडावली की फरसबंदी उचलली जाते आणि बोटभर उंचीची ठेचही म्हाताऱ्या माणसाला पाडायला पुरते. मूळ तोडल्याने झाड कमकुवत होते, काही वेळा वादळात कोसळते. त्यामुळे जागा असेल तिथे वाटेला झाडापासून दूर वळण द्यावे, आणि नसेल तिथे मुळांवरून भराव घालण्याऐवजी छोटी फळ्यांची साकवासारखी वाट उचलून न्यावी.