तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन: जबडा-गाल पुन्हा घडवण्याची मंजुरी महात्मा फुले योजनेतून कशी घ्याल?

गाठ काढायची मंजुरी आली की घरचे निम्मे निर्धास्त होतात. घोळ त्यानंतर होतो. गालाचा, जिभेचा किंवा जबड्याचा तुकडा काढल्यावर ती जागा बहुतेक वेळा तशीच ठेवता येत नाही. छातीचा स्नायू, हाताची किंवा मांडीची त्वचा, नाहीतर पायाचं हाड आणून ती भरावी लागते. डॉक्टर हे बोललेले असतात, पण मंजुरीच्या अर्जात ते चढलंय का, हे कुणी बघत नाही. योजनेत गाठ काढणं आणि जागा घडवणं यांची पॅकेजेस वेगवेगळी असू शकतात. म्हणून अर्ज जाण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला, एकदा स्पष्ट विचारा: "यात रिकन्स्ट्रक्शन टाकलंय का?" शक्य असेल तेव्हा दोन्ही कामं एकाच वेळी होतात. मागे राहिलेलं काम नंतर करणं अवघड जातं, कारण तोवर व्रण आक्रसलेले असतात आणि रेडिएशनने कातडी कडक झालेली असते.

आता पात्रता. १ जुलै २०२४ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत ही एकत्रित योजना राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे. कार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं. "आमचं पांढरं कार्ड आहे, आम्हाला कुठलं मिळायला?" असं म्हणून घरी बसणारे अजूनही भेटतात, तो नियम गेला. मर्यादाही आधीच्या दीड लाखावरून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख झाली. कुटुंबामागे, हे लक्षात ठेवा. त्याच वर्षी वडिलांची अँजिओप्लास्टी योजनेतून झाली असेल तर तेवढी रक्कम वजा झालेली असते, आणि पुढचं रेडिएशन-केमोही याच थैलीतून जातं. म्हणून पहिल्याच दिवशी शिल्लक किती ते विचारून घ्या. रुग्ण सत्तरी ओलांडलेला असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, आणि कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असलं तरी ज्येष्ठांसाठी वेगळे ५ लाख मिळतात.

सुरुवात होते अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलापासून. इथे एक चूक सर्रास होते. रुग्णालय योजनेत आहे एवढंच पाहून लोक दाखल होतात. तिथे कॅन्सर सर्जन असतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडणारा प्लास्टिक सर्जन नसतो. मग छातीचा स्नायू फिरवून गालावर आणण्याचाच पर्याय उरतो. तो वाईट नाही, १९७९ पासून वापरात आहे आणि त्याने असंख्य माणसं सावरली आहेत. पण हनुवटीचं हाड गेलं असेल तर नुसत्या मांसाने जबड्याचा आकार टिकत नाही. जागा भरायला आणलेल्या अशा तुकड्याला फ्लॅप म्हणतात, आणि तो पूर्ण सुटा काढून नव्या जागी रक्तवाहिन्या जोडून बसवला की फ्री फ्लॅप. तेव्हा आधी विचारा, "फ्री फ्लॅप इथे होतो का?"

कागदांपैकी रेशनकार्ड आणि आधार सगळ्यांना माहीत असतात. रेशनकार्डात रुग्णाचं नाव हवं. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डात, हा प्रकार नेहमीचा. तो दाखल होण्याआधी निस्तरा. वैद्यकीय कागदांत बायोप्सीचा अहवाल, चेहरा आणि मानेचा सीटी किंवा एमआरआय, जबड्याचा ओपीजी एक्स-रे, तोंडाचे फोटो आणि ट्यूमर बोर्डाचा निर्णय लागतो. ट्यूमर बोर्ड म्हणजे सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि केमोचे डॉक्टर एकत्र बसून देतात तो सल्ला. त्या कागदावरच 'पुनर्रचनेसह' असा उल्लेख असेल तर पुढची निम्मी प्रश्नोत्तरं वाचतात. रुग्णालय बदलणार असाल तर बायोप्सीचा नुसता अहवाल नेऊ नका. काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. नवीन ठिकाणी त्या पुन्हा तपासतात.

माझ्या काकांच्या वेळी सगळे कागद होते, तरी दोन दिवस क्वेरी, म्हणजे अर्जावर काढलेली शंका, पडून राहिली. कारण बायोप्सीवर नाव 'बाळू' आणि आधारवर 'बाळासाहेब'. काकांचं तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं, बोलणं कुणाला कळत नव्हतं. ते आरोग्यमित्रासमोर बसून डिस्चार्ज कार्डाच्या पाठीमागे लिहीत होते, "मीच तो बाळू." शेवटी लॅबकडून नाव दुरुस्त करून, शिक्का मारून आणलं तेव्हा गाडी पुढे सरकली. तुमच्या हातातले सगळे कागद आज रात्रीच शेजारी शेजारी ठेवून नावं ताडून पहा.

कुठला फ्लॅप घेणार यावरही एखाददुसरा कागद वाढतो. खालच्या जबड्यासाठी सहसा पायाचं फिब्युला हाड घेतात. नडगीच्या बाहेरच्या बाजूला असतं ते बारीक हाड. शरीराचा भार मुख्यतः नडगीवर असल्याने त्याचा मधला भाग काढला तरी माणूस चालू शकतो. घोट्याजवळचा आणि गुडघ्याजवळचा तुकडा मात्र जागेवर ठेवतात. काढलेलं हाड दोन-तीन ठिकाणी कापून जबड्याच्या वळणात बसवतात आणि टायटॅनियमच्या पट्टीने धरतात. त्याआधी पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करतात, बऱ्याचदा सीटी अँजिओग्राफी. ती झाली असेल तर तिचा अहवालही फाईलला जोडा. जीभ किंवा गालासाठी मनगटाकडची त्वचा घेणार असतील तर तो हात कुठला हे आधीच विचारा, आणि त्या हातात सलाइनची किंवा रक्त काढायची सुई टोचू देऊ नका. वॉर्डात रात्रपाळीला हे कुणाच्या लक्षात राहत नाही. आम्ही काकांच्या डाव्या मनगटावर पेनने मोठी फुली मारून ठेवली होती.

कागद भरून झाले की रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं. तुम्हाला स्वतः काही अपलोड करायचं नसतं, पण क्वेरी आली का, हे रोज विचारत रहा. ऑपरेशन टेबलावर बेत बदलला, म्हणजे त्वचा घ्यायची होती आणि हाडही काढावं लागलं, तर ते ऑपरेशन नोट्समध्ये आलंय ना हे बघा आणि त्याच दिवशी आरोग्यमित्राच्या कानावर घाला. मंजूर उपचारासाठी वर पैसे मागितले तर १५५३८८ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार करता येते.

खासगी विमा असणाऱ्यांना वेगळाच धक्का बसतो. कंपनीकडून उत्तर येतं, "प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे." पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींच्या यादीत 'कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी' हे कलम असतंच, त्याचा संकेतांक एक्सक्लूजन ०८. पण ते पूर्ण वाचा. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीतून बाहेर ठेवलेली आहे. डॉक्टरांकडून पत्र घेताना 'चेहरा सुधारण्यासाठी' असले शब्द येऊ देऊ नका. गिळणं, बोलणं, लाळ तोंडात राहणं यासाठी कर्करोगानंतरची पुनर्रचना आवश्यक आहे, असं लिहून घ्या. खरंही तेच आहे. ओठाचा कोपरा गेलेल्या माणसाला घोटभर पाणी पिताना हनुवटीखाली हात धरावा लागतो, त्यात सौंदर्याचा प्रश्न कुठे येतो?

योजनेत काही कारणाने बसत नसाल तर मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता कक्ष आहे. त्यासाठी वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला, आधार, रेशनकार्ड, वैद्यकीय अहवाल आणि खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. रुग्णालय खासगी असेल तर अंदाजपत्रकावर सिव्हिल सर्जनची सही. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथे समाजसेवा विभागाला गाठा.

ऑपरेशननंतरचं रेडिएशन सहा आठवड्यांच्या आत सुरू झालेलं बरं, आणि त्याची पूर्वमंजुरी वेगळी असते. टाके निघायची वाट न बघता तो अर्ज लावून घ्या. उपचाराला रेल्वेने येत-जात असाल तर कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीच्या भाड्यात पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसालाही बरीचशी मिळते. त्याचा ठरावीक नमुना असतो. त्यावर डॉक्टरांची सही आणि शिक्का डिस्चार्जच्या दिवशीच घ्या, नाहीतर त्या एका सहीसाठी पुन्हा ओपीडीची सकाळची रांग आली.