पार्श्वभूमी : नवं संकेतस्थळ कळायचं कुठून?

शोधयंत्रात प्रश्न टाकला की हल्ली पानाच्या माथ्यावरच तयार उत्तर येतं. खालच्या दुव्यांपर्यंत बोट जातच नाही. 2024च्या ऑगस्टमध्ये ही सोय भारतात इंग्रजी आणि हिंदीत सुरू झाली, आणि तेव्हापासून नागपुरात वेबची कामं करणाऱ्यांच्या टपरीवरच्या गप्पांत एक जुनाच प्रश्न परत आला आहे : कामाची साइट कळायची कुठून, आणि या धंद्यात नवं काय आलं ते समजत राहायचं कसं? याची उत्तरं याआधीही सापडली होती. ती हातची गेली कशी, ते सांगण्यासाठी हे टिपण.

सुरुवातीला याद्या माणसंच करत. 1993 साली वेबवर नव्याने काय आलं याचं एक पान निघायचं आणि ते सगळं वाचून व्हायचं. 1994मध्ये दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या आवडत्या साइटींच्या यादीतून याहूची डिरेक्टरी उभी राहिली. 1998मध्ये स्वयंसेवकांनी चालवलेली डीमॉझ आली. तिच्यात मराठीचाही एक कप्पा होता. नागपूरकरांनी यातलं फारसं काही घडताना पाहिलेलं नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं झालं ते 15 ऑगस्ट 1995ला, आणि खासगी कंपन्यांना जोडण्या विकायची परवानगी मिळाली 1998च्या नोव्हेंबरात. बर्डीवर, धरमपेठेत, सदरमध्ये प्लायवूडच्या खोकड्यांचे सायबर कॅफे दिसू लागले ते त्यानंतर.

कॅफेत लोक वही घेऊन यायचे, हे आज सांगितलं तर पोरांना खरं वाटत नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीत आठवड्याला चार-पाच पत्ते छापून यायचे, ते वहीत उतरवायचे आणि तासाच्या भाड्यात जमतील तेवढे उघडून बघायचे. एक टिंब चुकलं की दहा मिनिटं गेली. इंग्रजी संगणक-मासिकांसोबत सीडी मिळायची, तिच्यात अख्ख्या साइटी उतरवून दिलेल्या असत. पुण्यात नोकरीला लागलेला मित्र दिवाळीत रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आला की आपल्या ब्राउझरमधल्या खुणांची (बुकमार्कांची) फाइल आधी फ्लॉपीत, पुढे पेनड्राइव्हवर घेऊन यायचा. आमच्या गल्लीत अशी एक फाइल निदान पाच घरांत फिरली असेल.

‘संकेतस्थळ’ हा शब्दही याच सुमारास रुळला. जुन्या काव्यात संकेतस्थळ म्हणजे नायक-नायिकेने ठरवून गुपचूप भेटायची जागा. सरकारी खात्यांच्या पानांवर तो वाचताना ज्यांना हसू येत नसे, त्यांचं वाचन कमी पडलं असं खुशाल समजावं. बोलताना मात्र सगळे ‘साइट’च म्हणायचे, आणि म्हणतात.

मराठी साइट सापडणं ही वेगळीच गोष्ट होती. शोधयंत्र 1998पासून चांगलं चालत होतं, पण मराठीला त्याचा उपयोग शून्य. कारण वर्तमानपत्रांपासून हौशी पानांपर्यंत प्रत्येकाचा फॉण्ट निराळा, आणि प्रत्येक फॉण्टने इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे आपल्या मर्जीने बसवलेले. फॉण्ट असला तर मराठी, नसला तर टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची रांग. शोधयंत्राला ती रांगच दिसे. ‘संत्री’ असं शोधून संत्र्यांवरचं मराठी पान मिळणं शक्यच नव्हतं. काही साइटी फॉण्ट आपोआप पाठवत, तोही एका विशिष्ट ब्राउझरलाच.

यावरचा तोडगा 1991पासून तयार होता. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, आणि तिच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी आहे. अडचण होती ती बर्डीवरच्या मशिनींची. विंडोज 98ला जोडाक्षरं नीट जुळवता येत नसत. ह्रस्व वेलांटी जिथे टाइप केली तिथेच पडायची आणि ‘विदर्भ’ हा शब्द ‘वदिर्‌भ’ असा काहीतरी दिसायचा. एक्सपीमध्ये सोय होती, पण कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत टिक करायची आणि मग यंत्र विंडोजची सीडी मागायचं. कॅफेवाल्याकडे सीडी कुठली? 2007मध्ये व्हिस्टा आली तेव्हा ही सोय आपोआप चालू असायला लागली. अगदी ‘ॲ’ हे एक अक्षर घ्या. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती 2008 साली. मराठी वेबचा इतिहास सांगताना शोधयंत्राला जे श्रेय मिळतं, त्यातलं निम्मं तरी या टिकच्या चौकटीला द्यायला हवं.

युनिकोड स्थिरावत होतं त्याच काळात फीड आली, आणि इथून गोष्ट खरी गुंतते.

कल्पना सोपी होती. साइटवर नवं काही आलं की तिने मथळा, दुवा आणि तारीख एका ठरलेल्या साच्याच्या फाइलमध्ये लिहून ठेवायची. वाचणाऱ्याकडे एक वाचक-प्रोग्राम असतो, तो अशा पन्नास फाइली फिरून बघतो आणि नवं तेवढं समोर आणतो. साइटींच्या दारोदार फिरायचं काम संपलं. पण या साच्याचं नाव ठरवताना जो घोळ झाला, त्याला तोड नाही. 1999च्या मार्चमध्ये एका ब्राउझर कंपनीने पहिला साचा काढला, आवृत्ती 0.90. नाव आरएसएस, म्हणजे ‘आरडीएफ साइट समरी’; आरडीएफ ही माहितीचं वर्णन करायची एक पद्धत. जुलैत 0.91 आली तेव्हा त्यातलं आरडीएफ काढून टाकलं, मग नाव झालं ‘रिच साइट समरी’. मग कंपनीचा रस संपला आणि वारसा सांगायला दोन गट उभे राहिले. एकाने आरडीएफ परत आणून 2000च्या डिसेंबरात 1.0 जाहीर केली. दुसऱ्याने त्याच महिन्यात 0.91ला पुढे नेत 0.92 काढली. 2002च्या सप्टेंबरात दुसऱ्या गटाकडून थेट 2.0 आली, आणि अर्थ झाला ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’. म्हणजे 2.0 ही 1.0ची पुढची आवृत्ती नव्हेच. ती चुलत घराण्यातली. या भांडणाला कंटाळलेल्यांनी 2003मध्ये ॲटम नावाचा तिसरा साचा सुरू केला, तो 2005च्या डिसेंबरात प्रमाण ठरला. ‘रिअली सिंपल’ हे नाव देणाऱ्याला विनोदबुद्धी असावी.

नागपुरात याच्यावर चौथा पदर चढला. या तीन अक्षरांचा अर्थ इथल्या माणसाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतो. महाल आणि रेशीमबाग हे त्याचे पत्ते. ‘तुमच्या साइटला आरएसएस जोडू का?’ असं दुकानदाराला विचारलं की तो चमकायचा. ‘आमचं काई राजकारण नाई बाप्पा, धंदा करून राहिलो,’ असं एक उत्तर. ‘जोडा की, वडिलांपासून आहोत आम्ही,’ हे दुसरं. दोन्ही उत्तरांनंतर समजावून सांगण्यात एक चहा जायचा. शेवटी इथल्या कामवाल्यांनी ते नावच सोडलं आणि नुसतं ‘फीड’ म्हणायला सुरुवात केली.

तो शब्दही टिकला नाही. 2006च्या सप्टेंबरात फेसबुकने आपल्या पहिल्या पानाला ‘न्यूज फीड’ असं नाव दिलं. आज फीड म्हटलं की बोटाने वर सरकवत राहायचं ते, ज्यात काय दिसावं हे कंपनी ठरवते. मूळ फीडमध्ये काय दिसावं हे वाचणारा ठरवायचा आणि क्रम तारखेचा असायचा. शब्द एक आणि वस्तू उलट्या. नव्या मुलाला ‘फीड वाच, म्हणजे नवं कळेल’ असं सांगितलं तर तो मोबाइल काढून रील्स बघायला लागतो. यात त्याची काही चूक नाही.

2005 ते 2013 हा फीडचा चांगला काळ. त्याच वर्षी, 2005मध्ये, सरकारी दूरसंचार कंपनीचं ब्रॉडबँड आलं. पाचशे रुपयांच्या योजनेत दिवसा डेटाची मर्यादा, पण रात्री 2 ते सकाळी 8 मोकळं रान. घरोघरी यंत्रं रात्री दोनला जागी व्हायची. भारनियमनाच्या दिवसांत सकाळी वीज जायच्या आत मथळे उतरून ठेवलेले असले की नंतर इन्व्हर्टरवर वाचता येत. 2005च्याच ऑक्टोबरात गूगल रीडर हा वेबवरच चालणारा वाचक-प्रोग्राम आला आणि यादी एका यंत्रात अडकून राहायची गरज संपली. कॅफेतून, कचेरीतून, घरून तीच यादी. डिसेंबरात दोन प्रतिस्पर्धी ब्राउझरांनी फीडसाठी एकच नारिंगी चिन्ह मान्य केलं. मराठीत तर फीडने एक नकळत काम केलं. स्वतःच्या फॉण्टात लिहिलेलं पान रीडरमध्ये कचऱ्यासारखं दिसे, त्यामुळे लिहिणाऱ्यांना युनिकोडवर यावंच लागलं. मराठी लेखनाच्या फीडी एकत्र करून दाखवणारी पानं याच काळात निघाली, आणि कोण काय लिहितंय ते प्रथमच एका जागी दिसलं.

धंद्यातल्या बातम्याही तिथूनच कळत. 2005च्या फेब्रुवारीत ‘एजॅक्स’ (अख्खं पान पुन्हा न उघडता त्यात नवी माहिती आणायची पद्धत) या शब्दाचं बारसं झालं, ते इथे त्याच आठवड्यात ठाऊक होतं, आणि ज्यांना होतं ते फीड वाचणारे होते. क्लासेसमध्ये तेव्हा फ्रेमसेट आणि फ्रंटपेज ही पानं बनवायची जुनी साधनं शिकवत. 2010च्या मे महिन्यात ‘रिस्पॉन्सिव्ह’ ही कल्पना मांडली गेली, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे पानाने स्वतःला जुळवून घ्यायचं. पुढच्या दोन वर्षांत कामं कुणाला मिळाली हे पाहिलं तर फरक लक्षात येतो. वेबपानं लिहायच्या भाषेची नवी आवृत्ती एचटीएमएल5, तिच्यावरून प्रमाण ठरवणाऱ्या दोन मंडळांत वर्षानुवर्षं चाललेली ओढाताण, 2014मध्ये एकाने दिलेली मान्यता, 2019मध्ये दोघांचा समेट, हे सगळं टप्प्याटप्प्याने समजत गेलं. पुस्तकाची वाट पाहणाऱ्याला ते एकदम, आणि शिळं होऊन मिळालं.

मग 13 मार्च 2013. रीडर 1 जुलैपासून बंद, असं गूगलने साफसफाईच्या एका यादीत जाहीर केलं. वापर कमी झालाय, एवढंच कारण. निषेधाच्या अर्जावर लाखाहून जास्त सह्या झाल्या. एका पर्यायी सेवेने 48 तासांत 5 लाख नवे लोक आल्याचं सांगितलं. निर्णय बदलला नाही. त्याच जूनमध्ये ट्विटरनेही जुनी एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामांना तिथली माहिती घ्यायची सोय) बंद केली, तिच्यासोबत त्यांची फीड गेली.

या निर्णयाने फीड मेली असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धवट आहे. साचा कुणाच्या मालकीचा नव्हता आणि यादी फाइलमध्ये काढून दुसरीकडे नेता येत होती, अनेकांनी नेलीही. खरा घाव आधीचा, आणि त्याची बोंब झाली नाही. 2008मध्ये क्रोम हा जो नवा ब्राउझर आला आणि पाहता पाहता सगळ्यांच्या यंत्रांवर बसला, त्याच्यात फीडची सोय पहिल्या दिवसापासून नव्हती. नारिंगी चिन्ह दिसेनासं झालं. दिसत नाही ते लोक मागत नाहीत, आणि मागत नाहीत म्हणून वापर कमी. मग तेच कारण दाखवून रीडरही बंद. दोन्ही वस्तू गूगलच्याच घरातल्या, हे विशेष. कंपनीच्या बाजूने एवढं म्हणता येईल की सामान्य माणसाला फीड कधी नीट समजावूनच सांगितली गेली नाही, आणि तीन विस्तारांच्या नावाला त्याचा दोष जातोच. 2018च्या डिसेंबरात फायरफॉक्स या उरलेल्या मोठ्या ब्राउझरनेही आपली फीडची सोय काढून टाकली.

बाकीच्या जागाही त्याच सुमारास गेल्या. याहूची डिरेक्टरी 2014 संपताना, डीमॉझ 2017च्या मार्चमध्ये. बटण दाबलं की आवडीची कुठलीतरी नवी साइट उघडून देणारं स्टंबलअपॉन 2018च्या जूनअखेर. 2016च्या सप्टेंबरात फुकट डेटा आला आणि नागपुरातली वेब मोबाइलवर गेली; दुवे व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरू लागले. गटात दुवा येतो तो ‘गुड मॉर्निंग’च्या चित्रांखाली गाडला जातो, आणि महिन्याने शोधावा तर मिळत नाही. वहीत तो मिळायचा. 2018च्या जुलैमध्ये एका वेळी पाचच जणांना किंवा गटांना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली, ती अफवांसाठी, पण उपयोगी दुव्यांनाही लागली. टेलिग्रामच्या वाहिन्यांवर याद्या जरा बऱ्या असतात, मात्र त्यात क्लासेसच्या जाहिराती निम्म्या. 2022च्या नोव्हेंबरनंतर गप्पा मारणारी यंत्रं आली. ती उत्तर छान देतात. कुठल्या साइटवरून घेतलं ते विचारल्याशिवाय सांगतीलच असं नाही, आणि कधी सांगतात तो पत्ता उघडतच नाही.

गंमत म्हणजे 2021मध्ये त्याच क्रोमच्या अँड्रॉइड आवृत्तीत साइटला ‘फॉलो’ करायचं बटण आलं, आणि ते आतून चालायचं फीडवर. पॉडकास्टही आरएसएसच्याच साच्यावर चालतात, 0.92मध्ये फाइल जोडायची सोय होती, तिच्यातून ते निघाले. धरमपेठेच्या ट्रॅफिक पार्कला चकरा मारत कानात पॉडकास्ट ऐकणाऱ्याला आपण काय वापरतोय ते माहीत नसतं, एवढंच. खातरजमा करायची असेल तर एखाद्या वर्तमानपत्राच्या किंवा आवडत्या साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहून पाहावं. वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर उभ्या असलेल्या बहुतेक साइटींवर ती फाइल आजही उघडते.