बिनकानांचे कॅमेरे आणि घरगुती पट्टे

जुन्या फिल्म कॅमेऱ्याला घरच्या घरी पट्टा जोडण्याच्या ज्या अनेक युक्त्या आज दिसतात, त्यांचे मूळ कॅमेऱ्यापेक्षा त्याच्या चामडी केसमध्ये शोधावे लागते. १९२५ मध्ये लायप्झिगच्या वसंत प्रदर्शनात लायकाचा पहिला कॅमेरा लोकांसमोर आला, तेव्हा त्याच्या अंगावर पट्टा ओवण्यासाठी कान, म्हणजे धातूच्या छोट्या कड्या, नव्हते. कॅमेरा केसमध्येच राहणार आणि पट्टा केसला असणार, हे त्यामागचे गृहीत होते. १९३३ च्या लायका ३ ला दोन्ही बाजूंना कान आले खरे, पण पुढची काही दशके अनेक उत्पादकांनी ते वगळले. अमेरिकेत १९३९ पासून १९६६ पर्यंत बनलेला आर्गस सी३ आणि लाखोंच्या संख्येने खपलेला सोव्हिएत झेनिट-ई हे दोन्ही बिनकानांचेच.

ही केस एका स्क्रूने कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉड बसवण्यासाठी असलेल्या भोकात आवळली जाई आणि पुढचे झाकण उघडले की ते खाली लोंबत राही. साऱ्या कॅमेऱ्याचे वजन वादीच्या टोकाशी असलेल्या शिवणीवर किंवा रिव्हेटवर पडे. वर्षानुवर्षांनी चामडे कडक होते, दोरा कुजतो आणि नेमके तिथलेच टाके एकेक करून सुटू लागतात. बाहेरून मात्र केस धडधाकट दिसते, आणि खरा धोका तोच. केस गेली की पितळ-पोलादाचा चालू कॅमेरा उरतो, पण तो गळ्यात अडकवायला काहीच नसते.

मग हात वळतो तो ट्रायपॉडच्या भोकाकडे, कारण वजन पेलण्यासाठी केलेली कॅमेऱ्यावरची तेवढीच जागा असते. सर्वांत साधी युक्ती म्हणजे कडी असलेला पाव इंची स्क्रू तिथे बसवणे. मात्र स्क्रू गरजेपेक्षा लांब असेल, तर तो भोकाच्या तळाला भिडून आतला भाग बिघडवू शकतो. शिवाय लायकाच्या जुन्या नमुन्यांत आणि त्यांवर बेतलेल्या फेड, झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांत हे भोक ३/८ इंचाचे असल्याने मध्ये भोक लहान करणारे बुश (आटे असलेली छोटी नळी) घालावे लागते. त्यातही भोक फिल्म भरताना निघणाऱ्या तळपट्टीवर असते, म्हणजे कॅमेरा टांगला जातो तो त्या पट्टीच्या कुलपावर. ही मांडणी मला कधीच पटलेली नाही.

तळाएवढी ॲल्युमिनियमची पट्टी कापून तिची दोन्ही टोके वर वळवणे, त्यांना भोके पाडून कड्या ओवणे आणि कॅमेऱ्याला ओरखडे पडू नयेत म्हणून मध्ये चामड्याचा तुकडा घालणे, ही त्याहून विचारपूर्वक केलेली रचना आहे. ओढ दोन्ही टोकांना वाटली जात असल्याने कॅमेरा पोटावर सरळ राहतो. फ्लॅशच्या खाचेत पट्टा अडकवण्याचा मोह मात्र टाळावा. ती खाच बहुधा चार बारीक स्क्रूंवर उभी असते.

ज्यांना कान आहेत, त्यांचीही कथा पूर्ण सुखाची नाही. पोलादी कडी मऊ धातूच्या कानात घासून खोबण पाडते, म्हणून कडीऐवजी नायलॉनची दोरी ओवण्याची पद्धत रुळली. रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याच्या नंतरच्या नमुन्यांना कात्रीसारखे चिमटे लागतात आणि ते साध्या पट्ट्यांना नसतात. त्यामुळे कुजलेला मूळ पट्टा टाकून न देता त्याचे चिमटे कापून नव्या वादीला शिवले जातात.