कटर सुरू होत नाही: पेट्रोल जास्त झालंय की पोचलंच नाही?

पावसाळा संपला की मांगरात ठेवलेला कटर, म्हणजे झाडं कापायचा चेनसॉ, बाहेर निघतो. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, पण इंजिन साधं ‘फट’सुद्धा करत नाही. मग चोक (हवा अडवून पेट्रोल वाढवणारी झडप) लावून आणखी दहा-बारा वेळा ओढायची, हा ठरलेला उपाय. आणि पुष्कळदा त्यानंच काम बिघडतं. सुरू न होणाऱ्या कटरचे दोन बिघाड बाहेरून अगदी सारखे दिसतात. एकात सिलिंडरमध्ये पेट्रोल नको तितकं गेलेलं असतं, म्हणजे इंजिन ‘ओव्हर’ झालेलं असतं. दुसऱ्यात पेट्रोल तिथवर पोचलेलंच नसतं. उपाय मात्र उलटे: पहिल्यात चोक उघडायचा, दुसऱ्यात पेट्रोलची वाट शोधायची.

निवाडा प्लग करतो. चेन ब्रेक पुढे ढकलून लावा, स्विच बंद करा. प्लगभोवतीचा भुसा आधी ब्रशनं काढा, नाहीतर प्लग निघताच तो सिलिंडरात पडेल. कटरसोबत जो टी-पाना मिळतो त्याचं मोठं तोंड, बहुतेक १९ मिमीचं, प्लगचंच असतं. प्लगचं टोक ओलं असेल आणि पेट्रोलचा भपकारा येत असेल तर इंजिन ओव्हर आहे. टोक कोरडं, वास नाही, तर पेट्रोल येत नाही.

कोकणात इथं एक तिसरी फसवणूक असते. ओला प्लग बोटानं पुसा आणि बोट वाऱ्यावर धरा. पेट्रोल पाहता पाहता उडतं, मागे तेलाचा पातळ थर राहतो. थेंब तसाच टिकून राहिला तर ते पाणी आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. जून ते सप्टेंबर अर्धवट भरलेल्या टाकीत राहिलेलं पेट्रोल म्हणूनच दगा देतं: पुरेशी ओल मुरली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि टाकीतला फिल्टरही तळाशीच असतो. शंका असेल तर टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून पंधरा मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर ते सगळं काढून टाका, टाकी पेट्रोल-तेलाच्या ताज्या मिश्रणानं विसळा.

इंजिन ओव्हर होण्याचं नेहमीचं कारण हाताची सवय. गार इंजिनाला पूर्ण चोक लावून दोरी ओढली की तीन-चार ओढींत ते एकदा ‘फट’ करून बंद पडतं. ही खूण. इथून पुढं चोक अर्ध्यावर किंवा पूर्ण उघडा हवा. तो ‘फट’ ऐकू आला नाही किंवा लक्षात घेतला नाही, की पुढची प्रत्येक ओढ आत पेट्रोलच भरते. इथल्या उकाड्यात दहा मिनिटांपूर्वी चाललेल्या इंजिनाला तर चोक लागतच नाही.

ओव्हर झालेलं इंजिन मोकळं करायला स्विच बंदच ठेवा. प्लगची टोपी लोंबती असताना ठिणगी पडली तर बाहेर आलेल्या वाफेचा भडका उडू शकतो. चोक उघडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, प्लगच्या भोकावर फडकं धरा आणि दोरी आठ-दहा वेळा ओढा. फडकं भिजेल. प्लग पुसून वाळवा, गॅप (टोकांमधली फट) साधारण ०.५ मिमी आहे का पाहा, आणि चोक न लावता सुरू करा. पाना नसेल तर प्लग न काढता, चेन ब्रेक लावून, स्विच चालू करून, चोक उघडा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण ठेवून दहा-पंधरा वेळा ओढलं तरी बहुधा सुटतं. फक्त सुरू होताच इंजिन एकदम वर जातं, म्हणून ॲक्सिलरेटर लगेच सोडायचा.

चोक न लावताही प्लग पुन्हा पुन्हा भिजत असेल तर एअर फिल्टर काढून पाहा. ओल्या आंब्याचा भुसा किंवा माडाचा काथ्यासारखा चुरा त्यावर बसला की तो कायम चोक लावल्यासारखाच वागतो. फिल्टर स्वच्छ असूनही तेच, आणि ठेवलेल्या कटरच्या सायलेन्सरमधून तेलकट पेट्रोल टपकतं, तर कार्बोरेटरची सुई नीट बसत नाही. ते काम मेकॅनिकचं. काळा, चिकट प्लग हे जास्त तेलाचं लक्षण. ५०:१ म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली तेल, २५:१ म्हणजे ४० मिली. आपल्या कटरला कोणतं, ते त्याच्या पुस्तिकेत पाहूनच मिसळा.

आता कोरडा प्लग. प्लगच्या भोकातून मिश्रणाचे चार-पाच थेंब सोडा, प्लग बसवा, ओढा. इंजिन दोन-तीन सेकंद चालून मेलं तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) दोन्ही ठीक आहेत, अडलंय ते वाटेत. तारेच्या आकड्यानं टाकीतला फिल्टर बाहेर ओढा. तो काळपट, चिकट असेल तर बदला, धुवत बसू नका. नळी कडक होऊन तडकली असेल तर ती पेट्रोलऐवजी हवा ओढते. नळी आणि फिल्टर नवे असूनही तेच, तर कार्बोरेटरमधला डायफ्राम (पेट्रोल ओढणारा पातळ पडदा) वाळलाय. तो बोटानं दाबल्यावर मऊ लागला पाहिजे, कागदासारखा कडकडला तर डायफ्राम-किट घालावं लागतं. चार थेंब घालूनही इंजिन काहीच बोललं नाही तर पेट्रोलचा नाद सोडा आणि ठिणगी पाहा: खाऱ्या हवेनं प्लगच्या टोपीतली स्प्रिंग गंजते आणि स्विचच्या तारा हिरव्या पडतात. ठिणगीही असेल तर सायलेन्सरचं तोंड बघा. कुंभारीण माशीनं तिथं मातीचं घर केलं असेल तर पेट्रोल आणि ठिणगी असून उपयोग नाही.

सुरू होतो पण टिकत नाही, तिथंही हीच जोडी. ॲक्सिलरेटर देताच इंजिन मरतं तर पेट्रोल कमी पडतंय: गरम इंजिनावर कार्बोरेटरचा ‘एल’ (कमी वेगाचा) स्क्रू अष्टमांश फेरा उघडा. धूर ओकत, अडखळत चालतं तर जास्त होतंय, पण स्क्रूला हात लावण्याआधी एअर फिल्टर साफ करा. ‘एच’ (जास्त वेगाचा) स्क्रू अंदाजानं आवळू नका. आवळल्यानं मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं, की तेलही कमी पोचतं आणि पिस्टन जाम होतो. पावसाआधी वाटेत आडवं झालेलं झाड घाईनं कापताना ‘आणखी थोडा जोर’ मिळवायला हाच स्क्रू आवळला जातो.

दहा मिनिटं छान चालून बंद पडणारा कटर वेगळा. तो बंद पडताच इंजिन गार होऊ न देता टाकीचं झाकण सावकाश सैल करा. तोंड बाजूला, विडी लांब. ‘सूं’ करून हवा आत गेली आणि कटर लगेच सुरू झाला तर टाकीचा ब्रीदर (हवा आत घेणारं भोक) तुंबलाय: हवा आत येत नाही म्हणून पेट्रोल बाहेर पडत नाही. झाकण सैल करूनही काही झालं नाही तर गरम असतानाच प्लग काढून ठिणगी तपासा, अर्थात भोकापासून लांब धरून. गरमपणी ठिणगी नाही आणि अर्ध्या तासानं येते, तर ठिणगी देणारी कॉइल बदलायची वेळ आली.