फेस्ताचा मान आणि पुढची वाट: गोव्यातील इगर्जींच्या विचारमंथनाची पार्श्वभूमी

रविवारची मीस, म्हणजे मुख्य प्रार्थनाविधी, आटोपल्यावर इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, सभागृहात वाड्यावाड्यांची माणसे वर्तुळ करून बसतात आणि विगार, म्हणजे तिथला प्रमुख पाद्री, त्यांच्यापुढे एकच प्रश्न ठेवतो: या गावात आपली इगर्ज पुढे कशासाठी असावी? पहिल्या फेरीत प्रत्येकाने बोलायचे, मध्ये कोणी तोडायचे नाही. थोडा वेळ शांत राहून दुसऱ्या फेरीत, इतरांच्या बोलण्यातले मनाला काय भिडले तेवढेच सांगायचे. तिसऱ्या फेरीत सर्वांचा मिळून कोणता सूर लागतो ते पाहायचे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आरंभलेल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये रोम येथे समारोप झालेल्या सिनडमुळे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या विचारविनिमय सभेमुळे, ही रीत जगभर पोचली. गोव्यात मात्र तिच्यामागे जवळपास पाच शतकांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असल्याखेरीज या वर्तुळात कोण मोकळेपणी बोलतो आणि कोण शेवटपर्यंत गप्प राहतो, हे नीट उमगत नाही.

या रीतीचा गाभा म्हणजे पारख, अर्थात प्रार्थना आणि मनन करून देवाची इच्छा ओळखणे, आणि तिचे मूळ बऱ्याच अंशी जेझुइट धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या साधनेत आहे. त्यांचेच सहकारी फ्रान्सिस झेवियर, म्हणजे आपला ‘गोंयचो सायब’, १५४२ साली गोव्यात उतरले. पण गावाने स्वतः काही पारखावे, अशी त्या काळाची घडणच नव्हती. १५३३ साली गोव्याचा धर्मप्रांत झाला तो पाद्रोआदो व्यवस्थेखाली, म्हणजे बिशपाचे नाव सुचविण्याचा हक्क आणि धर्मप्रसाराचा भार पोर्तुगालच्या राजाकडे होता. १५४१ मध्ये तिसवाडीतील देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती कार्याकडे वळविण्यात आले, बारदेस फ्रान्सिस्कन धर्मसंघाकडे आणि साष्टी जेझुइटांकडे गेली, आणि १५६० पासून इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणाऱ्या धर्मन्यायालयाची, दहशत बसली. मधला थोडा खंड वगळता ती १८१२ पर्यंत टिकली.

पण यावरून गावातील ख्रिस्ती माणूस निव्वळ हुकमाचा ताबेदार होता असे समजणे चुकीचे ठरेल. इगर्जीची बांधणी, डागडुजी आणि फेस्ताचा, म्हणजे इगर्जीच्या वार्षिक सणाचा, खर्च यांचा मोठा वाटा गावकारीच्या, म्हणजे गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या आणि पुढे ज्यांना कोमुनिदाद म्हटले गेले त्या संस्थांच्या उत्पन्नातून येत असे. आणि जो खर्च करतो तो मान मागतो. कोंफ्रारी या भाविक मंडळांनी तो मान आजवर सांभाळला आहे. फेस्ताच्या दिवशी मिरवणुकीत पांढरा ओपा, म्हणजे झगा, आणि त्यावर रंगीत मुर्सा, म्हणजे आखूड खांदवस्त्र, घालून चालणारे पुरुष पाहिले, की कोणाच्या खांद्यावर तो मुर्सा आहे आणि कोण नुसता कडेला उभा आहे, हे गावातला शेंबडा पोरही सांगतो. अनेक गावांत कोंफ्रारीचे सभासदत्व बामण, चार्डो, शुद्र अशा जातींप्रमाणे वाटलेले होते, आणि फेस्ताच्या हक्कावरून काही ठिकाणी प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली. धर्म बदलला तरी मान कोणाचा हा प्रश्न इगर्जीचा उंबरठा ओलांडून आत आलाच. आजच्या चर्चेत सर्वांत अवघड जागा हीच आहे, असे मला वाटते.

पाद्र्यांची तक्रार निराळी होती. गोमंतकीय पाद्र्यांना वरच्या पदांपासून दूर ठेवले जाई; पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या १७८७ च्या पिंतोंच्या बंडात पाद्री सामील झाले, त्यामागे हा सल होता. १८३५ मध्ये धर्मसंघ गोव्यातून हद्दपार झाल्यावर इगर्जी चालविण्याचे काम स्थानिक पाद्र्यांवर आले, पण आर्चबिशप बाहेरचाच राहिला. राऊल गोन्साल्विस हे पहिले गोमंतकीय आर्चबिशप झाले ते १९७८ साली, म्हणजे मुक्तीनंतरही सतरा वर्षांनी.

भाषेची कथा मराठी वाचकाच्या अधिक जवळची आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले आणि ओवीतून ख्रिस्तकथा साष्टीतल्या लोकांच्या कानी पडू लागली. १६८४ च्या फर्मानाने मात्र कोकणीवर गदा आली, आणि मीस तर १९६० च्या दशकापर्यंत लॅटिनमध्येच होती. ज्या माणसाने आपल्या भाषेत प्रार्थनाविधी ऐकायला साठच वर्षे झाली, त्याला सभेत उभे राहून मत मांडायला संकोच वाटला, तर नवल नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) चर्चला ‘देवाची प्रजा’ म्हटले. १९८३ च्या धर्मसंहितेने, म्हणजे चर्चच्या कायदेसंग्रहाने, प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका इगर्जीच्या हद्दीतील समाजाला, अर्थसमिती सक्तीची केली, तर पॅरिश मंडळ बिशपाच्या इच्छेवर आणि केवळ सल्ल्यापुरते ठेवले. आशियाई बिशपांनी १९९० मध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे लहान ख्रिस्ती समुदायांचा, म्हणजे शेजारच्या घरांच्या गटांचा, आग्रह धरला. गोव्यात असे समुदाय वाड्यावाड्यांत बसले, कारण खुरसापुढे, म्हणजे वाड्यावरच्या क्रूसापुढे, जमून लादाईन ही सामूहिक प्रार्थना म्हणण्याची सवय तिथे आधीच होती. शिवाय या बैठकांत ओपा-मुर्शाचा प्रश्न नव्हता आणि बायका पुढाकाराने बोलू शकत होत्या.

आज वर्तुळात येणारे विषय ओळखीचेच आहेत. पोर्तुगीज पासपोर्टवर तरुण ब्रिटनला गेल्याने घरे बंद पडली आहेत, परप्रांतांतून आलेल्या कामगारांना मीस कोणत्या भाषेत मिळावी असा पेच आहे, आणि जमीन रूपांतर, खाणी यांवर पाद्र्याने बोलावे की नाही याबद्दल एकमत नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती २५.१ टक्के होते, त्यामुळे या चर्चा इगर्जीच्या आवारापुरत्या राहत नाहीत.

२०२४ च्या सिनडने आपल्या अंतिम दस्तऐवजात ‘केवळ सल्ला’ ही संहितेतील शब्दयोजना पुन्हा तपासावी असे म्हटले. तोवर तिसऱ्या फेरीत लिहिलेला कागद विगाराच्या टेबलावरच जातो. पुढच्या फेस्ताचा प्रेसिदेंत, म्हणजे मानाचा यजमान, कोण, हे मात्र त्या वर्तुळात कोणी विचारत नाही.