जनुक व प्रथिन विदागारे

डीएनए, आरएनए व प्रथिने यांचे अनुक्रम (म्हणजे त्यांतील घटकांचा क्रम, अक्षरांत लिहिलेला) आणि प्रथिनांच्या त्रिमितीय रचना यांचे आंतरजालावर सर्वांना खुले असलेले संग्रह, तसेच त्यांत जुळणी शोधणारी साधने. मराठी परिभाषेत ‘विदागार’ हा शब्द रुळू पाहत असला, तरी कोल्हापूरच्या प्रयोगशाळांत ‘डेटाबेस’ असेच म्हणतात आणि अनुक्रम जुळवून पाहण्याला सरळ ‘ब्लास्ट करणे’ म्हणतात.

पहिले विदागार कोणते, याविषयी एकमत नाही. न्यूक्लिओटाइड (डीएनए व आरएनए यांचे घटक) अनुक्रमांपुरते पाहिल्यास हायडेलबर्ग येथील यूरोपीय रेण्वीय जीवविज्ञान प्रयोगशाळेचा (ईएमबीएल) संग्रह व अमेरिकेतील जीनबँक हे दोन दावेदार ठरतात. ईएमबीएलचा संग्रह १९८० च्या सुमारास आकाराला आला आणि १९८२ मधील त्याच्या पहिल्या आवृत्तीत ५६८ अनुक्रम होते. जीनबँकेच्या त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील आवृत्तीत ६०६ अनुक्रम होते. जपानचे डीडीबीजे हे डीएनए-विदागार काही वर्षांनी आले. तिन्ही संग्रह आता परस्परांत माहितीची देवाणघेवाण करतात, त्यामुळे एका ठिकाणी दिलेली नोंद इतर दोन्ही ठिकाणी मिळते. मात्र अग्रक्रमाचा हा वाद न्यूक्लिओटाइडांपुरताच ठेवणे योग्य वाटत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ मध्ये ६५ प्रथिनांचे अनुक्रम छापील कोशरूपात संकलित केले होते. अनुक्रमांची तुलना संगणकाने करण्याचा पाया त्यांनी घातला, ॲमिनो अम्लांसाठी (प्रथिनांच्या घटकांसाठी) एकाक्षरी चिन्हे रूढ केली आणि १९८० च्या सुमारास आपला संग्रह दूरध्वनीच्या तारेवरून इतरांच्या संगणकांना खुला केला. संकलन, तुलना व दुरून शोध ही तिन्ही अंगे लक्षात घेता या परंपरेचा उगम डेहॉफ यांच्या कामात मानणे अधिक सयुक्तिक ठरते. प्रथिन-रचनांची पीडीबी ही पेढी १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांनिशी सुरू झाली. १९८६ मधील स्विस-प्रॉट हे प्रथिन-अनुक्रमांचे विदागार पुढे युनिप्रॉट या मोठ्या विदागारात सामावले गेले.

शोधसाधनांत ब्लास्ट (१९९०) सर्वाधिक वापरात आहे. त्याआधीची स्मिथ-वॉटरमन पद्धत (१९८१) दोन अनुक्रमांतील उत्तम स्थानिक (म्हणजे त्यांच्या काही भागांपुरती) जुळणी अचूक काढते, पण प्रचंड संग्रहासाठी ती संथ पडते. ब्लास्ट आधी छोटे तुकडे (डीएनएसाठीच्या ‘ब्लास्टएन’ पद्धतीत सहसा ११ अक्षरांचे) जुळवते आणि जिथे तुकडा जुळला तिथूनच दोन्ही बाजूंना जुळणी वाढवत नेते. शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनीतून वेगळा केलेला जीवाणू ओळखायचा असेल, तर त्याच्या १६ एस आरआरएनए या, जीवाणू ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा सुमारे १,५०० अक्षरांचा अनुक्रम ‘>’ या चिन्हाने सुरू होणाऱ्या शीर्षओळीखाली चिकटवून शोध सुरू करतात. थोड्या वेळात जुळलेल्या नोंदींचा तक्ता येतो. नवखा विद्यार्थी त्यातील पहिल्या ओळीवरचे नाव उचलून प्रबंधात लिहितो आणि घात तिथेच होतो.

आधी पाहायची ती ‘ई-व्हॅल्यू’. एवढ्या आकाराच्या संग्रहात इतक्या गुणांच्या (साधनाने जुळणीला दिलेल्या) किती जुळण्या निव्वळ योगायोगाने मिळतील, हे ती सांगते. संग्रह वाढला की त्याच जुळणीची ई-व्हॅल्यूही वाढते, म्हणून जुन्या प्रबंधातील आकडा आज जसाच्या तसा मिळत नाही. त्यानंतर आपल्या अनुक्रमाचा किती भाग जुळला आणि त्या भागात साम्य किती टक्के आहे, हे पाहावे. जीवाणूची जाती वेगळी मानण्यासाठी पूर्वी ९७ टक्क्यांखालील साम्य धरीत, अलीकडे मर्यादा सुमारे ९८.७ टक्के मानतात. उलट बाजूने हा निकष चालत नाही, म्हणजे साम्य त्याहून जास्त असले तरी जाती एकच असे ठरत नाही. बॅसिलस सीरियस व काळपुळीचा बॅसिलस अँथ्रॅसिस यांचे १६ एस जवळजवळ एकच असते. शिवाय जीनबँकेतील नोंदीवरचे नाव ती नोंद देणाऱ्याने लिहिलेले असते, तर युनिप्रॉटच्या स्विस-प्रॉट विभागातील साडेपाच लाखांहून अधिक नोंदी तज्ज्ञांनी तपासलेल्या असतात. हा फरक पहिल्याच प्रात्यक्षिकात शिकवायला हवा.

सह्याद्रीच्या वनस्पतींबाबत अडचण वेगळी आहे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने जोपासलेल्या कंदीलपुष्पांसारख्या प्रदेशनिष्ठ जातींचा अनुक्रम संग्रहात नसेल, तर साधन जवळच्या नातलगाचे नाव वर आणते. जाती इथे नोंदलेलीच नाही, असे ते सांगत नाही. वनस्पतींच्या ‘बारकोड’साठी (जाती ओळखण्याच्या ठरावीक डीएनए-तुकड्यासाठी) २००९ मध्ये आरबीसीएल व मॅटके ही जनुके सुचवली गेली, पण निकटच्या जाती वेगळ्या करायला ती अनेकदा अपुरी पडतात.

उसाचे गणित आणखी अवघड. आजचे वाण सॅकरम ऑफिसिनॅरम व रानटी सॅकरम स्पाँटेनियम यांच्या संकरातून आलेले असून त्यांत शंभरावर गुणसूत्रे असतात. त्यामुळे एक जनुक शोधले तरी त्याच्या किंचित वेगळ्या अनेक प्रती समोर येतात. उसाची जवळची नातलग असलेल्या ज्वारीचा जनुकसंच (सर्व डीएनएचा अनुक्रम) २००९ मध्येच प्रसिद्ध झाल्याने ऊस-संशोधक दीर्घकाळ त्याच्याच आधाराने काम करीत. आर-५७० या उसाच्या वाणाचा संदर्भ-जनुकसंच (तुलनेसाठीचा प्रमाण संच) २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पंचगंगाकाठच्या शेतांतील को ८६०३२ या उसाच्या वाणाच्या अभ्यासकालाही आता तुलनेसाठी प्रत्यक्ष उसाचाच आधार मिळतो.

प्रथिन-रचनांच्या संगणकीय भाकितांचा अल्फाफोल्ड संग्रह २०२१ मध्ये खुला झाला आणि वर्षभरात त्यातील रचना २० कोटींवर गेल्या. भारताचे स्वतःचे जैविक विदा केंद्र फरिदाबाद येथे असून ते २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले.